नवाबची मान आणि मावशीचा नवस

लिंबायत, सुरत
दि. ४ एप्रिल १९९६

तीर्थस्वरूप भाईदासमामा,

तुमच्या पायांवर भाचा ललितचं डोकं, आणि मामींच्याही. (त्यांना वेगळं पत्र नाही, यातलंच निम्मं द्यावं.) इकडे शोभामावशी, किसनमावसा आणि मी धडधाकट आहोत, उन्हाने जरा वाळलो आहोत एवढंच. तुमच्या गुडघ्याची चौकशी मावशी रोज करते, आणि ती माझ्याकडे करते, जसं काही तो गुडघा तुम्ही माझ्याजवळ ठेवायला दिला आहे. मी सांगतो, बरा आहे. तेव्हा तो बरा असू द्यावा, नाहीतर मी खोटा पडेन. म्हैस व्याली का? मामींनी लिहिलं होतं की तुम्ही गुडघ्याला रुईचं पान बांधता आणि पान बांधूनच विहीर उतरता. मामा, मग त्या पानाने तरी काय करावं.

पत्राचं कारण असं, की आपल्या गल्लीतला योगराज इथून गावी आला आणि त्याने तुम्हाला सांगितलं म्हणे, की ललितने लूम सोडलं आणि आता तो कोंबड्या चारतो. यातलं अर्धं खोटं आहे. कोंबड्या आपल्या आपण चरतात, त्यांना माझी गरज नाही. मी फक्त त्यांच्यातल्या आजाऱ्यांना हाताने भरवतो. योगराज आमच्याकडे आला तेव्हा माझ्या मांडीवर कोंबडा होता, म्हणून मी उठलो नाही, आणि त्याला वाटलं मला त्याची ओळख राहिली नाही. त्याला सांगा, ओळख होती, पण कोंबड्याच्या तोंडात घास होता.

आता लूमचं. तुम्ही शब्द टाकून मला लावलंत, ते मी विसरलो नाही. पण मामा, लूमवर उभं राहिलं की एका धाग्याकडे बघत राहावं लागतं, आणि माझी नजर तुम्हाला माहीत आहे. धागा तुटला की लूम थांबवायचं, गाठ मारायची, पुन्हा चालू करायचं. माझा धागा तुटायचा तेव्हा मी खिडकीतून रेल्वेचे डबे बघत असायचो. मग कतारगामला हिऱ्याच्या कारखान्यात गेलो. तिथे हिरा म्हणजे मोहरीपेक्षा लहान, आणि मला पहिल्याच दिवशी शिंक आली. सगळ्या कारीगरांना जागेवर बसवून झाडू मारला तेव्हा तो सापडला, आणि माझं तिथलं शिक्षण संपलं. मग एकाची रिक्षा चालवायला घेतली. ती फार आवडली. इतकी, की स्टेशनला जाणाऱ्या एका म्हाताऱ्या काकांना मी बोलता बोलता कामरेजच्या रस्त्याला नेलं, कारण तो रस्ता सरळ होता आणि वारा चांगला लागत होता. त्यांची गाडी चुकली. त्यांनी मला शिव्या दिल्या नाहीत, फक्त विचारलं, दीकरा, तुला जायचंय तरी कुठे? त्याचं उत्तर मी अजून शोधतो आहे. पण हे सगळं मी का सांगतोय? हां, कोंबड्यांपाशी यायचं होतं.

या कोंबड्या आपल्यासारख्या नाहीत. किसनमावसा नानपुऱ्यात खोरशेदबाई नावाच्या पारशी बाईंच्या बंगल्यावर चौकीदार होते, हे तुम्हाला माहीतच आहे. दिवाळीनंतर बाईंनी बंगला विकला आणि त्या मुंबईला मुलीकडे निघाल्या. जाताना नोकरांना म्हणाल्या, ज्याला जे हवं ते न्या. स्वयंपाक्याने फ्रिज नेला, ड्रायव्हरने लंबकाचं घड्याळ नेलं, माळ्याने माळ्याला शोभणार नाही अशी खुर्ची नेली. मावसा फाटकावर होते. सगळं सामान बाहेर जाईपर्यंत फाटक उघडं धरून उभे राहिले, आणि ते आत गेले तेव्हा फक्त कोंबड्या उरल्या होत्या. (मावशीने हा प्रसंग इतक्या वेळा सांगितला आहे की आता गल्लीतल्या कुणालाही मध्येच उठवून विचारलं तरी तो पुढून म्हणून दाखवेल.)

बाई त्यांना सिल्की म्हणत. मामा, तुम्ही बघितल्या तर कोंबडी म्हणणार नाही. पिसांच्या जागी केस. लूमखाली धाग्याचा गुंता साठतो ना, तो गोळा करून त्याला पाय लावावेत, तशा दिसतात. डोक्यावर एवढा मोठा झुबका, की डोळे दिसत नाहीत. पायाला चारऐवजी पाच बोटं. केस फुंकून बाजूला केले की आत कातडी काळी, चोच काळी. लिंबायतमध्ये घराघरात रेशीम विणतात आणि ते सगळं नायलॉन असतं, खरं रेशीम आमच्या परसात विष्ठा करत फिरतं. मावशी पहिल्या दिवशी त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, यांचा रस्सा काळा होईल. तुमच्या बहिणीचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. तिच्या हातच्या कोंबडीच्या रश्श्यासाठी मंगळवारी गल्लीतली माणसं कामावर जाताना मुद्दाम आमच्या दारावरून जातात. कोंबडी म्हटली की तिला एकच गोष्ट आठवते, खोबरं भाजायला घ्यावं की नाही.

पाचसहा कोंबड्या आणि दोन कोंबडे. त्या दोघांची नावं बाईंनीच ठेवलेली, नवाब आणि कर्नल. नवाब पांढरा, आरवणारा, भांडखोर. कर्नल राखाडी, झुबका त्याहून मोठा, पण कधी आरवायचा नाही. मावसा एकदा म्हणाले, शिस्तीचा आहे. (मावसा वर्षातून दोनचार वाक्यं बोलतात, त्यातलं एक कर्नलवर खर्च झालं.)

बाईंकडे त्यांना शिजवलेलं मऊ खाणं मिळायचं, अंडं, भाजी, काय काय. आमच्याकडे मिळाली ज्वारी आणि उरलेलं शिळं. मावशीचं म्हणणं, मला जे पचतं ते कोंबड्याला पचलं पाहिजे. होळीपर्यंत पचलं. मग ऊन वाढलं, पत्रा तापायला लागला, आणि एके सकाळी नवाब आरवला नाही. बघतो तर त्याची मान वाकडी. डोकं खाली, चोच वर, जसं काही स्वतःच्या पोटाखालून आभाळ बघतोय. दाण्यावर चोच मारायला जायचा आणि मागे सरकायचा. दाणा पुढे, नवाब मागे. पहिल्या दिवशी आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी मावशी म्हणाली, हसू नका रे, त्याला भूक लागली आहे.

मी त्याला साडीच्या कटपीसमध्ये गुंडाळून जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे सगळ्या म्हशी. माझा नंबर आला तेव्हा डॉक्टरांनी गाठोड्यात बघितलं आणि विचारलं, "आ शुं छे भाई, कूतरुं के बिलाडुं?" मी म्हटलं, कुत्राही नाही, मांजरही नाही, कूकडो छे साहेब. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. मग फार चांगलं वागले. म्हणाले, या जातीची टाळू नाजूक असते, खाण्यात कस कमी पडला की मान फिरते. मरेलच असं नाही. ताकदीच्या कॅप्सूल लिहून दिल्या, त्या उघडून पूड खाण्यात मिसळायची. वेगळा ठेवा, सावलीत ठेवा, पाण्यात थोडा गूळ घाला, आणि हाताने भरवा, कारण त्याला स्वतःला खाता येणार नाही. आणि डोळ्यांवरचे केस कापा, त्याला घास दिसत नाही.

केस कापायला आमच्या घरात कोण धजणार? मावशीची कात्री मटणाची. तेव्हा त्याला नाक्यावर विठ्ठलच्या सलूनमध्ये नेलं. विठ्ठल वर्ध्याकडचा, धंद्याला पक्का. त्याने खुर्चीवर फळी टाकली, फळीवर नवाबला बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं, आणि शिट्टी वाजवत म्हणाला, "मागून बारीक करू का जी?" समोरचे झाले तेवढे पुरे म्हटलं तर त्याला वाईट वाटलं. तुरटी लावायला निघाला होता, तेवढ्यात मी उचलून आणलं. पण त्या दिवशी नवाबने पहिल्यांदा माझ्याकडे डोळ्याला डोळा देऊन बघितलं. उलट्या डोक्याने का होईना. मामा, कोंबड्याला एवढे मोठे डोळे असतात हे मला माहीत नव्हतं.

मग भरवणं सुरू झालं, आणि हेच ते काम जे योगराज चारणं म्हणतो. मावशी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी दह्यात कुस्करायची, त्यात उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक. (यावर गल्लीत चर्चा झाली. शेजारच्या इंदुबाई परभणीकडच्या. त्या म्हणाल्या, "अहो शोभाबाई, त्याचंच लेकरू त्यालाच चारता व्हय?" मावशी म्हणाली, मग तुमच्या घरचं आणून द्या. त्यांनी आणून दिलं.) मी नवाबला मांडीवर घ्यायचो, डाव्या हाताने मान हळूच सरळ धरायची, जोर करायचा नाही, उजव्या हाताने चोच कडेने उघडायची आणि हरभऱ्याएवढी गोळी आत ठेवायची. मग थांबायचं. तो गिळतो का बघायचं. पाणी ओतायचं नाही, चोचीच्या कडेला थेंब लावायचा, तो आपला आपण ओढून घेतो. घाई केली की पाणी श्वासात जातं. गळ्याखालची पिशवी हाताला भरलेली लागली की पुरे. हे दिवसातून कितीदा तरी. मामा, तुम्ही नेहमी म्हणता माझ्या पायाला भिंगरी आहे. लूमने, हिऱ्याने, रिक्षाने ती काढली नाही. पण मांडीवर वाकड्या मानेचा कोंबडा असला की माणूस उठत नाही. मी उठलो की त्याची मान पुन्हा फिरायची. एक दिवस मी बसलेलो असताना मावशीने माझ्या जेवणाचं ताट शेजारी ठेवलं, आणि नवाबने तेवढ्या वाकड्या मानेने माझ्या ठेच्यात चोच घातली. डोळ्यात टिपूस नाही. डॉक्टरांना नंतर विचारलं तर म्हणाले, पक्ष्यांना तिखट लागत नाही. मावशीला ते पटलं नाही. म्हणाली, लागतं, पण आता तो खानदेशी झाला.

आता मावशीचं सांगतो. ती रोज म्हणायची, दोन दिवस बघते, नाहीतर मसाला वाटते. पण पत्र्यावर ओलं पोतं तीच टाकायची, दुपारी तीनदा उठून. त्याला बोलायची नाही, माझ्याशी बोलायची, पण ऐकू त्याला जाईल अशा आवाजात. इंदुबाईंनी विचारलं, एवढं कशाला करता, तर म्हणाली, आजारी कोंबडी चवीला लागत नाही म्हणून. आणि मग ती दुपार आली. नवाबने खाणं सोडलं. घास तोंडात ठेवला तर तो तसाच राहायचा. मान पार पोटाखाली गेली आणि तो एका कुशीवर पडून पाय झाडायला लागला. मी त्याला धरून बसलो होतो. मावशीने पीठ मळणं टाकलं, भरल्या हाताने डोक्यावर पदर घेतला, परसात भर उन्हात गेली, आपलं गाव ज्या दिशेला आहे तिकडे तोंड केलं, आणि आपल्या बोलीत गावच्या मरीमाय देवीला साकडं घातलं.

"मरीमाय, ह्या कोंबडाले बरं कर. मी तुले कोंबडा दिसू."

मामा, आपल्याकडे नवस म्हटला की तोंडातून हेच निघतं, कोंबडा देईन. तुमचा गुडघा असो, माझी दहावी असो (ती मरीमायलाही झेपली नाही), म्हैस असो. तोंडाला वळण पडलेलं. मला तर त्या क्षणी काहीच खटकलं नाही, मी मनात हात जोडले. मावसा ओसरीवर चपला काढत होते. त्यांनी एक चपल काढली, दुसरी हातात धरली, आणि या वर्षातलं दुसरं वाक्य बोलले.

"कोनता?"

मावशी तशीच उभी राहिली. हाताचं पीठ वाळायला लागलं. तिच्या लक्षात आलं तेव्हाचा तिचा चेहरा मी तुम्हाला सांगू शकत नाही. आणि मामा, मरीमाय एरवी किती वेळ लावते. तुमच्या गुडघ्याला तिने किती वर्षं लावली. पण याच वेळी कशी कोण जाणे, बसलीच होती ऐकायला. संध्याकाळी नवाबने एक घास गिळला. सकाळी दोन. मान रोज थोडी थोडी वर यायला लागली, घड्याळाचा काटा चालावा तशी. आणि पाडव्याच्या सकाळी, गुढी उभी करायच्या आधी, तो दारात येऊन आरवला. आवाज बसलेला होता, मध्येच तुटला, पण गल्लीतली माणसं बाहेर आली. इंदुबाईंनी साखर वाटली. मावशी आत चुलीपाशी बसून राहिली. बाहेर आली नाही.

कारण शब्द गेलेला. आणि मावशी आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, माहेरी येणार, म्हणजे मरीमायच्या दारावरून जाणार. देवीला तोंड कसं दाखवायचं? मी म्हटलं, बाजारातून आणू एक. ती म्हणाली, भाऊ आहे तिथे. तुम्ही, मामा, मरीमायचे भगत. त्या वर्षी एकाने बाजारचा बॉयलर आणला होता तेव्हा तुम्ही त्याला पायरीवरूनच परत फिरवलंत. "याला घरचं अंगण माहीत नाही, हा नवसाचा नाही," असं म्हणालात, आणि सगळ्या गावाने माना डोलावल्या. मावशीनेही डोलावली होती. ती मान तिला आता आठवते.

तेव्हा घरचा हवा. ज्याच्यासाठी नवस केला तोच द्यायचा म्हणजे अर्थ नाही, बरा करून घेतला कशाला? उरला कर्नल. कुणी बोललं नाही, पण ठरलं. मावशी त्याच्याकडे बघायची बंद झाली, आणि त्याच्या पुढ्यात भाकरीचा मोठा तुकडा पडायला लागला. पण कर्नलचं खाण्यावर लक्ष नव्हतं. नवाब आजारी पडल्यानंतर काही दिवसांनी तोही कोपऱ्यातल्या फुटक्या टोपलीत जाऊन बसला होता, फुगून, दिवसभर, डोळे अर्धे मिटून. आम्हाला वाटलं भावाचं दुःख. मग वाटलं तोच रोग. आजारी कोंबडा देवीला चालत नाही, म्हणून आता कर्नलला बरं करायची धांदल. देण्यासाठी बरा करायचा. मामा, असलं औषधपाणी मी जन्मात केलं नाही. मी घास पुढे करायचो आणि मनात म्हणायचो, खाऊ नको रे. त्याला कॅप्सूलची पूड दिली, गूळपाणी दिलं, इंदुबाईंच्या सांगण्यावरून तुपातला लसूण दिला. जवळ गेलं की तो फुत्कारायचा आणि हाताला चोच मारायचा. मावशी म्हणाली, कळलं आहे त्याला. त्याच सुमारास कोंबड्यांची अंडी नाहीशी व्हायला लागली होती, त्याचा आळ इंदुबाईंच्या मांजरीवर गेला, आणि दोन दिवस दोन्ही घरांत बोलणं बंद होतं.

शेवटी त्याला तपासायला दवाखान्यात न्यावं म्हणून मी त्याला टोपलीतून उचललं. खाली अंडी. गरम. टोपली भरून. कर्नल कोंबडी निघाला. दुसऱ्यांची अंडीसुद्धा पोटाखाली ओढून खुडुक बसला होता, म्हणजे बसली होती. या जातीत केसांमुळे नर-मादी कळतच नाही, डॉक्टर म्हणाले, भले भले फसतात. मावशी आधी बघत राहिली, मग हसायला लागली, भिंतीला धरून हसली, पदर तोंडात घालून हसली. मांजरीची माफी मागायला मला दुधाची वाटी घेऊन पाठवलं. आणि मी परत आलो तेव्हा तिचं हसणं थांबलं होतं. तिने नवाबकडे बघितलं. आता कोंबडा एकच होता.

यावर मी एक उपाय काढला, आणि तो चांगला होता. रिक्षाच्या वेळचा तो कामरेजचा रस्ता उपयोगी पडला. तिकडे एका शेतकऱ्याकडून मी साधा गावठी तांबडा कोंबडा आणला. म्हटलं, आखाजीपर्यंत आपल्या अंगणात राहू दे, आपलं खाऊ दे, म्हणजे घरचा होईल. मावसांनी मान हलवली, म्हणजे पसंत. मावशी म्हणाली, मी त्याच्याकडे बघणार नाही, तूच दाणे टाक. पहिले दोन दिवस तिने बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, तो लंगडतो आहे का रे? लंगडत नव्हता. तिने हळद लावली. मग तो तिच्या मागे मागे चुलीपर्यंत यायला लागला. गल्लीतली पोरं त्याला कामरेज म्हणायला लागली. परवा सकाळी मावशी त्याला हातावर भाकरी चारत होती. तिने वर न बघता सांगितलं, "हाऊ बी आते घरनाच झाया."

म्हणजे आता तो नियमात बसतो. मामा, बघा कसं आहे, घरचा नव्हता तोवर चालत नव्हता, आणि घरचा झाला तर द्यायला जीव होत नाही. नियम तुमचा आहे आणि चांगला आहे, पण त्यात माणूस अडकतो.

असो. कर्नल अजून बसली आहे, आखाजीच्या आत पिल्लं निघतील. त्यांत कोंबडे असतील, पण कोणते ते दिवाळीशिवाय कळणार नाही. नवाबची मान थोडी डावीकडे राहिली आहे, त्याने त्याला एक ऐट आली आहे. दुपारी तो अजून माझ्या मांडीवर येऊन बसतो, आता गरज नसली तरी. डॉक्टरांनी मला कोंबड्यांच्या लशीच्या कामावर मदतीला बोलावलं आहे, गावोगाव फिरायचं आहे, म्हणजे पायाचंही भागेल. तेव्हा माझी काळजी नसावी. तुमच्याकडे मागणं काही नाही, फक्त खुशाली कळावी म्हणून लिहिलं. गुडघ्याने विहीर उतरू नये. मामींना, म्हशीला आणि ओट्यावर बसणाऱ्या सगळ्यांना नमस्कार.

तुमचा भाचा,
ललित

ता. क. मामा, तुम्ही माझी पत्रं ओट्यावर मोठ्याने वाचून दाखवता, म्हणून हे सहीच्या खाली लिहितो आहे. इथून पुढचं मनात वाचा. आखाजीला मावशी आली आणि मरीमायच्या पायरीशी थांबली, की तुम्ही आपणहून म्हणायचं, की पाच बोटांचा आणि काळ्या कातडीचा कोंबडा मरीमायला चालत नाही, आणि त्याच्यासोबत एका अंगणात राहिलेला तांबडाही चालत नाही, बाटला. त्याऐवजी नारळ आणि रोट. तुम्ही म्हणालात की गाव माना डोलावतं. मी सुचवलं हे मावशीला कळू देऊ नका, ती म्हणेल देवीशी लबाडी करतोस.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात मावसा आले. मग म्हणाले, भाईदासभाऊंना लिही, की पाच बोटांचा चालत नाही असं सांगा. आणि शोभाला सांगू नका मी म्हणालो. हे त्यांचं या वर्षातलं तिसरं आणि चौथं वाक्य, आता दिवाळीपर्यंत काही नाही. मी त्यांना वरचा मजकूर दाखवला नाही.

ता. क. तिसरा. मावसा नव्या जागी ड्यूटीवर गेल्यावर मावशी आली. पाकिटाला हात लावून म्हणाली, चिकटवलं का? म्हटलं, नाही. ती खाली बसली. तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत लिहितो, "भाऊले लिख, तूच काही तरी सांग मायले. मन्हं तोंड नही." तुम्हाला खोटं बोलायला लावायचं नाही, असंही तिने लिहायला सांगितलं आहे. देवीकडून फुकट सोडवून घ्यायचं नाही. कोंबड्याच्या बदल्यात ती आयुष्यभर कोंबडी शिजवणार नाही आणि खाणारही नाही, हे मरीमायला चालत असेल तर तेवढं विचारा, आणि चाललं तर तिच्या देखत म्हणा. मावसांना कळू देऊ नका, ते हसतील. मामा, ते हसणार नाहीत. पण त्यांचा वरचा ता. क. मी हाताखाली झाकला. तिच्या रश्श्याचं तुम्हाला माहीत आहे. यापेक्षा मोठं काही तिने देवीला द्यावं, असं या घरात नाही.

ता. क. शेवटचा. पाडव्यापासून तिने कोंबडी शिजवणं बंदही केलं आहे, तुमच्या उत्तराची वाट न बघता. मंगळवारी आमच्या घरात भोपळा असतो, आणि माणसं दुसऱ्या गल्लीने कामावर जातात. आखाजीला मी मावशीसोबत येतोच आहे. मामींना सांगा, मावशी माहेरच्या बायकांमध्ये बसली की मागच्या दाराने मला थोडा कोंबडीचा रस्सा द्यावा. कोंबडी कुठलीही चालेल. फक्त तिला नाव नसावं.